सव्वा इंच

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप दरवर्षी पोळ्याच्या सुमारास येतो. "घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असे काही पाठवा," एवढीच त्यांची अट असते. यंदा मी त्यांना कळवले, की मी मोटारीच्या टायरांवर लिहिणार आहे. चार दिवस उत्तर आले नाही. मग आले, "चालेल, पण त्यात माणसे असू द्या."

माणसे आहेत. माझी माय आहे, थोरला भाऊ आहे, अकोल्याचा भाचा आहे, शेजारच्या शेतातले नाना आहेत. शिवाय नानांचे दोन बैल आहेत. त्यांना माणसांतच धरायला हरकत नाही.

मी राहतो अमरावतीला. शाळेत मास्तर आहे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण आमचे शेत आणि शेतातले घर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. ह्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीखालचे पाणी खारट, आणि वरची माती काळीभोर. खणाल तितकी काळीच लागते. दगड नाही, मुरूम नाही. लहानपणी आम्हा पोरांना आंबा पाडायला दगड मिळत नसे. वाळलेले ढेकूळ मारावे लागे आणि ते आंब्याला लागून फुटे, आंबा जागच्या जागी.

ही माती काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश मोठा. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हातातली काठी आत जाते, आणि आषाढात तीच माती वाटेवरच्या माणसाचे पाय धरून बसते. वीस पावले चाललात की प्रत्येक पायाला दोन-दोन शेर चिखल लागतो आणि बुटका माणूसही चारचौघांत उंच दिसू लागतो. कपाशीला मात्र ही माती आईसारखी. तिच्यावरच आम्ही भावंडे शिकलो, म्हणून तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

गावापर्यंत आता डांबर आले आहे. गावापासून आमच्या घरापर्यंत मात्र दीड किलोमीटर पांदण आहे. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये बंडीच्या चाकोऱ्या, आणि अर्ध्या वाटेवर एक नाला. बाबांनी शेतात घर बांधले तेव्हा ह्या पांदणीचा विचार केला नव्हता असे नाही. त्यांच्याजवळ बंडी होती, आणि बंडीला पांदणीचे भय नसे.

त्या बंडीचे चाक माझ्या छातीला लागे. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून लोखंडी धाव. धाव चढवण्याचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा वाटे. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहानच करी. गोवऱ्यांच्या गोल आगट्यात ती लाल होईपर्यंत तापवीत, मग तिघे जण सांडशांनी उचलून आडव्या ठेवलेल्या चाकावर बसवीत. लाकडाचा धूर निघे. लगेच घागरी ओतायच्या. चर्र आवाज होऊन धाव आक्रसे आणि सगळे आरे तुंब्यात कचकन बसत. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे मी पुढे फळ्यावर कितीदा शिकवले असेल. पण शिकवताना नाकाला तो धूर लागल्याखेरीज राहत नाही.

पुढे बाबा गेले, बंडी गेली, आणि आम्ही दोघा भावांनी भागीत एक जुनी महिंद्राची जीप घेतली. चारही चाकांना जोर देणारी. आठवडाभर ती भावाकडे, शनिवार-रविवार आणि सुट्टीत माझ्याकडे. बियाणे, खत, माय, मुले, माझ्या न खपलेल्या कादंबऱ्यांचे गठ्ठे असे सगळे तिच्यातून फिरले.

एका जुलैत पहाटे भावाचा फोन आला. माय अंगणात घसरून पडली होती. खुबा दुखावला असावा, उठता येत नव्हते. जीप त्या आठवड्यात माझ्याजवळ होती. मी निघालो. गावापर्यंत तासाभरात पोचलो. पांदणीत शिरलो, आणि दोनशे पावलांवर जीप बसली. चारही चाके फिरत होती, आणि गाडी जागची हलत नव्हती. फिरेल तितकी खाली जात होती. खाली उतरून पाहिले तर टायरांची नक्षीच दिसेना. खाचा चिखलाने भरून चार काळे लाडू झाले होते.

मी चिखल तुडवीत घरी गेलो. माय खाटेवर पडली होती. मला पाहून म्हणाली, "चप्पल कुठं हरवली रे?" तेव्हा मला कळले की मी अनवाणी होतो.

मायला बाहेर काढले ते नानांनी. गावातली शेवटची लाकडी चाकाची बंडी त्यांचीच. तीत गवत अंथरले, वर गादी, गादीवर माय. नाना दांडीवर बसले नाहीत. बैलांच्या शेजारून चालत राहिले, एका हाताने जू धरून. चाके घोट्याघोट्याने रुतत होती. पण ती एवढी उंच, की आख चिखलाला लागत नव्हता. दीड किलोमीटराला सव्वा तास लागला. माय एकदाही कण्हली नाही, एवढे मात्र म्हणाली, "बैलाईले घाई नोका करू."

त्याच बैलांनी मग जीपही ओढून काढली. मायला अकोल्याच्या दवाखान्यात नेले, शस्त्रक्रिया झाली, आणि दिवाळीपर्यंत ती काठी घेऊन चालू लागली. पण तो सव्वा तास माझ्या मनातून जाईना. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ठरवले, की पुढच्या पावसाळ्याआधी ह्या जीपला अशी चाके घालायची की पांदण काय, पूर्णेचे पात्रही आडवे येऊ नये.

इथून माझ्या टायरविद्येला सुरुवात झाली. मॅट्रिक झाल्यापासून माझा आणि गणिताचा संबंध शाळेच्या फळ्यापुरता उरलेला. टायरच्या कडेवर जे लिहिलेले असते, ते वाचायला मला माझा अकोल्याचा भाचा गुरू म्हणून लाभला. त्याने एका टायरवरचा आकडा दाखवला: २३५/७५ आर १५. ह्यातला २३५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या कडेची उंची, तीही रुंदीच्या शेकड्यात. १५ म्हणजे आतल्या लोखंडी चकतीचा व्यास, आणि तो इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच. माझ्या वर्गातल्या मुलाने असे उदाहरण सोडवले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. आर म्हणजे रेडियल. त्याच्या आतले दोरे आडवे, थेट ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात. जुन्या टायरांत ते तिरपे, एकमेकांवर कैचीसारखे असत.

आणखी एक गोष्ट त्याने शिकवली, ती वाचकांच्याही उपयोगाची आहे. कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३६२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते. म्हणून दुकानात नवा दिसणारा टायर किती वर्षांचा आहे हे आधी पाहावे.

नक्षीचे प्रकार तीन. डांबरी रस्त्याचा टायर: खाचा बारीक, रबर जास्त. चिखलाचा टायर: अंगठ्याएवढे उंच ठोकळे आणि त्यांच्यामध्ये मोठ्या मोकळ्या वाटा, म्हणजे चाक फिरताना चिखल फेकला जावा. आणि दोहोंच्या मधला, सगळ्या वाटांचा. चिखलाच्या टायरात मोकळी जागा जास्त म्हणून ओल्या डांबराला टेकणारे रबर कमी, हेही भाच्याने सांगितले होते. ते मी ऐकले. पण ऐकणे आणि कानावर पडणे ह्यांत फरक असतो हे मास्तराला कोणी सांगावे!

"मामाजी, एकतीसच टाका," भाचा म्हणाला. "गाडी कशी दिसन पाहा!"

एकतीस म्हणजे एकतीस इंच उंचीचा, साडेदहा इंच रुंदीचा, चिखलाचा टायर. आमचे जुने टायर ६.००-१६ मापाचे, रुंदी सहा इंच, उंची सुमारे साडेअठ्ठावीस.

अमरावतीच्या दुकानदाराने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "सर, गाडी चालते कायवर? डांबरावर का मातीवर?"

"दोन्हीवर," मी म्हणालो.

"तसं नसते सर. शंभरातले किती मातीवर?"

मी जरा थांबलो आणि म्हणालो, "पन्नास." हे मी खोटे बोललो. अमरावतीहून शेतापर्यंत साठ किलोमीटर, त्यांतली पांदण दीड. म्हणजे शंभरात अडीच. एवढा हिशेब मला तिथल्या तिथे करता येत होता. पण माणूस दुकानात शिरण्याआधीच वस्तू घेऊन बसलेला असतो, आणि दुकानदाराचे प्रश्न त्याला अडथळ्यासारखे वाटतात. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि गडी बोलावला.

नवी पंधरा इंची चकती, तिच्यावर एकतीस इंची टायर. बसवल्यावर कळले, की वळताना ते कमानपाट्यांना आणि पत्र्याला घासतात. मग गाडी दोन इंच वर उचलावी लागली. एका कादंबरीचे मानधन एका टायरात गेले. बाकीच्या तीन टायरांसाठी ज्या कादंबऱ्या हव्या होत्या त्या अजून लिहायच्या होत्या, म्हणून सौभाग्यवतीच्या भिशीकडे वळावे लागले. तिने पैसे दिले आणि एकच विचारले, "अहो, हे मायसाठीच आहे ना?" "मायसाठीच," मी म्हणालो.

आठ दिवस मी मोठ्या मौजेत होतो. शाळेच्या आवारात पोरे जीपभोवती गोळा होत. एकाने दुसऱ्याला सांगितलेले मी ऐकले, "सरची गाडी आता बिबट्यावरूनही जाते." मी त्याला रागावलो नाही. रस्त्याने जाताना टायरांचा घूं घूं आवाज येई. जणू भुंग्यांचा थवा बरोबर धावतो आहे. डिझेल जास्त लागू लागले, सुकाणू जड झाले. पण उंचावर बसलेल्या माणसाला ह्या गोष्टी दिसत नाहीत.

एक गंमत मात्र पहिल्याच फेरीत दिसली. मैलाच्या दगडांप्रमाणे शंभर किलोमीटर झाले, आणि जीपच्या काट्याने ब्याण्णवच दाखवले. काटा बिचारा चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक मोठे झाले हे त्याला कोणी सांगितलेले नसते. "चाकं मोठी केली तं गाव जवळ आलं," असे मी घरी हसत सांगितले. त्याच हिशेबाने काटा साठ म्हणतो तेव्हा गाडी खरी पासष्टाने धावत असते. ते सांगायचे राहिले.

अमरावती-अकोला रस्ता ज्यांनी पूर्वी पाहिला आहे, त्यांना तो कसा होता हे सांगायला नको. त्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना ह्या टप्प्यात एकेरी पदराचे ७५ किलोमीटर डांबर सलग टाकले गेले. ३ जूनच्या सकाळी काम सुरू झाले आणि ७ तारखेच्या संध्याकाळी संपले. १०५ तास ३३ मिनिटे. गिनेसच्या जागतिक विक्रमांत त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहा शहराचा, पंचवीस किलोमीटरांचा. वर्गात हे सांगताना माझी छाती फुगली होती. अशा रस्त्यावरून जाताना पाऊस असला तरी पाय सैल सुटत नाही असा माणूस विरळा.

जूनचा शेवटचा आठवडा होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे सर आली. काटा साठावर. दुभाजकाच्या फटीतून सायकलवर एक पोरगा रस्त्यावर आला. दहा-अकरा वर्षांचा असेल. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. मी ब्रेक दाबला. चाके थांबली, आणि गाडी थांबली नाही. ती सरळ, शांतपणे, आवाजसुद्धा न करता सरकत राहिली. पोराने मान वळवून पाहिले. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्यात भीती नव्हती, नुसते कुतूहल होते. त्याच्या मागच्या कॅरियरपासून वीतभरावर जीप उभी राहिली. तो उतरला नाही, बोलला नाही. पायडल मारून पलीकडे गेला.

मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ सुकाणूवर हात ठेवून बसलो. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. साठाचा वर्ग छत्तीसशे, पासष्टाचा बेचाळीसशे पंचवीस. म्हणजे अंतर सहाव्या हिश्शाने जास्त. वर ओले डांबर आणि टेकायला रबर थोडे. सगळे गणित मला येत होते. ते मी वीतभराच्या अलीकडे एकदाही केले नव्हते.

तरीही मनात होते, की पांदण तर जिंकू. जुलैत ती संधी आली. भाच्याने सांगितल्याप्रमाणे टायरांतली हवा अठरावर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि भार विभागला जातो. ही गोष्ट अगदी खरी आहे. मात्र डांबरावर परतताना हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर टायर तापून फाटतो. जीप निघाली. मागच्या वेळची दोनशे पावलांची जागा आली आणि गेली. मी हॉर्न वाजवला. नाल्याजवळ पोचलो तेव्हा ठोकळ्यांमधल्या मोकळ्या वाटाही भरल्या होत्या. जीप एकदा डावीकडे झुकली, आणि मागच्या आसाचा लोखंडी गोळा चिखलावर टेकला. संपले. फरक एवढाच, की आधी मी गावाजवळ रुतलो होतो, आता मधोमध रुतलो. बैलांना दुप्पट चालावे लागले.

नाना जू सोडीत होते. मी ओशाळून म्हणालो, "नाना, चाक एवढं मोठं केलं, तरी बसली."

"किती मोठं केलं?"

"अडीच इंच."

ते खाली वाकले, आसाकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग हा किती वर आला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. चाक अडीच इंच उंच झाले, तर त्याचा मध्य निम्म्यानेच वर येतो. सव्वा इंच. एवढी भिशी, एवढ्या कादंबऱ्या, आणि आसाखाली मिळाले सव्वा इंच! व्यास आणि त्रिज्या मी दरवर्षी शिकवतो.

पण खरे डोळे उघडले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाऊस उघडला होता. जीप आम्ही गावाबाहेर डांबरावर उभी केली होती. मायला तपासणीसाठी अकोल्याला न्यायचे होते. नानांच्या बंडीतून तिला तिथवर आणले. तिने काठी माझ्या हाती दिली, जीपच्या दांड्याला धरले आणि पाय उचलला. पाय पोचेना. पुन्हा उचलला. खुब्याचा पाय तिला त्याच्या वर उचलता येत नव्हता. टायरांचा सव्वा इंच आणि वर उचललेले दोन इंच. सव्वातीन इंच.

ती मागे सरकली, जीपकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "काहून रे बापू, मोटर उंच झाली का मी बुटकी झाली?"

भाऊ हसला. नाना हसले. मी शेजारच्या घरून एक पाट मागून आणला, त्यावर तिला उभे केले आणि दोघांनी उचलून आत बसवले. अकोल्यापर्यंत मी काही बोललो नाही. ती मात्र बोलत होती. उंचावरून शेते चांगली दिसतात म्हणत होती. मला वाईट वाटू नये म्हणून ती बोलत होती, हे मला कळत होते.

टायरविद्येच्या दिवसांत मी एक गोष्ट वाचली होती. हवेचा टायर ज्याने व्यवहारात आणला, तो जॉन बॉइड डनलॉप आयर्लंडातल्या बेलफास्ट शहरात गुरांचा डॉक्टर होता. आपल्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळते, म्हणून त्याने तिच्या चाकांना हवेने भरलेल्या रबरी नळ्या बांधल्या, आणि १८८८ साली पेटंट घेतले. त्याने आधी पोर पाहिले, मग चाक. मी आधी चाक पाहिले, आणि मायचा पाय कुठपर्यंत उचलतो हे शेवटी.

परत आल्यावर मी कायदाही वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, नोंदणीत लिहिलेल्या आणि कारखान्याने ठरवलेल्या गोष्टींत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे कलम टायर घेतल्यावर वाचावे, ह्याची लाज वाटली.

मोठे टायर आणि चकत्या विकल्या. अर्थात तोट्यात. भाचा आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. जुन्या सोळा इंची चकत्या भावाने गोठ्याच्या माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. "मले वाटलंच होतं," एवढेच तो म्हणाला. गाडी पुन्हा खाली उतरवली. त्याच अमरावतीच्या दुकानात गेलो, आणि दुकानदाराने विचारण्याआधीच सांगितले, "शंभरातले अडीच मातीवर." तो हसला. मूळच्याच मापाचे, मधल्या नक्षीचे टायर त्याने दिले.

टायरांच्या विक्रीतून जे पैसे उरले, त्याचे काय करायचे हे नानांच्या ओसरीवर ठरले. नानांचे म्हणणे सरळ होते. "मास्तर, सारी पांदण खराब नाही. नाल्याजवळची सव्वाशे पावलं खराब आहेत. बाकीचं कसंही निघते."

खरेच होते. आम्ही दीड किलोमीटर जिंकायला निघालो होतो. हरत होतो सव्वाशे पावलांत. पांदणीच्या वापरातले पाच शेतकरी एकत्र आले. मुरूम लांबून आणावा लागला. टिप्परचे भाडे मुरमापेक्षा जास्त. गावातल्या एका पडक्या वाड्याचे दगड मिळाले, ते खाली घातले आणि वर मुरूम. पाणी निघायला बाजूने चर खणला. पहिल्या पावसाने निम्मा मुरूम गिळला. काळ्या मातीची भूक मोठी. पुन्हा दगड, पुन्हा मुरूम. जगाच्या विक्रमात आमचे नाव लागण्याची भीती नाही; सव्वाशे पावलांना आम्हाला दोन उन्हाळे लागले.

आता त्या सहा इंची अरुंद चाकाची मौज पाहा. चिखलाला तळ नसेल तर अरुंद चाक बुडतच जाते. पण खाली दगड-मुरूम असेल, तर तेच चाक वरचा वीतभर गारा कापून तळाला लागते आणि पकड घेते. रुंद टायर वरच्या वर घसरला असता. जुन्या बंडीची लोखंडी धाव दोन-अडीच बोटे रुंदीची का, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. गेल्या श्रावणात जीप घरापर्यंत गेली. हळू, कण्हत, दोनदा थांबून, पण गेली. माय ओसरीवर बसली होती. तिने दांड्याला धरले, पाय उचलला आणि आत येऊन बसली. काही बोलली नाही. चढणे सोपे झाले की माणूस त्यावर बोलत नाही.

यंदा दिवाळीला ती आमच्याकडे अमरावतीला येणार आहे. अनारशांचे पीठ तिने तिकडेच भिजत घातले आहे. परवा भावाचा फोन होता: परतीच्या पावसाने सव्वाशेतली चाळीस पावले पुन्हा बसली. आणखी एक बातमी त्याने दिली. नाना पंच्याहत्तरीला आले आहेत, मुले पुण्याला. पोळ्याला त्यांनी बैल सजवले ते शेवटचेच. दिवाळी झाली की जोडी विकणार म्हणतात.

म्हणून ह्या लेखाचे जे काही मानधन येईल, त्याचा हिशेब आधीच झाला आहे. दोन टिप्पर मुरूम. बैल जाण्याच्या आत ती चाळीस पावले भरायला हवीत.